ट्रक थांबला होता

विमा म्हणजे काही देवळातला प्रसाद नव्हे, की रांगेत उभं राहिलं आणि हातावर पडला. एवढी साधी गोष्ट घरच्यांच्या डोक्यात शिरवता शिरवता मल्हाररावांचा घसा बसला. पडेगावापासून पार दौलताबादच्या पायथ्यापर्यंत त्यांनी लोकांना विमा समजावून दिला होता. अडत्यांना दिला, मास्तरांना दिला, एका कीर्तनकाराला तर भर सप्ताहात दिला. पण स्वतःचा बाप आणि सख्खा भाऊ यांच्यापुढे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

लासूर स्टेशनच्या अलीकडे दिवेलागणीला कांद्याचा ट्रक मेंढरांत घुसला, त्याला आठवडा होत आला होता. निम्म्याहून जास्त मेंढरं रस्त्यावरच गेली. मल्हाररावांनीच धावपळ करून जनावरांचा डॉक्टर आणला, पंचनामा करून घेतला, मेलेल्या एकेका मेंढराच्या कानातला बिल्ला दिसेल असे फोटो काढले. बिल्ला नाही तर भरपाई नाही, हा कंपनीचा पहिला नियम. उरलेली मेंढरं, म्हातारे मुंजाबा, धाकटा सांडू आणि त्याची बायको चतुराबाई असं सगळं बिऱ्हाडबाजलं आता मल्हाररावांच्या पडेगावच्या दोन खोल्यांत आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटात उतरलं होतं. शेजारी लेंड्यांवरून कुरकुरत होते. बायको नेमकी माहेरी गेली होती, की हे बघूनच गेली होती, हे मल्हाररावांनी विचारलं नव्हतं.

एवढं सगळं सोसलं असतं. पण आज सकाळी कंपनीचा सर्व्हेअर यायचा आणि सांडू दात घासता घासता सहज बोलून गेला होता, "आबानं तर त्या डायवरासंगं बेल-भंडारा उचलला ना, दादा. तुला ठाव नाय?"

मल्हारराव तिथंच खाली बसले.

"म्हंजे ट्रक थांबला व्हता?"

"थांबला म्हंजे? चांगला बाजूला लावला. पोरगा खाली उतरला, आबाच्या पायावर पडून रडला. वैजापूरचा हाय. बद्रीनाथ नाव."

"आन् आबानं काय केलं?"

"मी कुठं व्हतो तिथं? मला तूच इथं बोलावलं व्हतं ना, नव्या पॉलिशीच्या सहीसाठी. चतुरा मागून बिऱ्हाड घेऊन पोचली, तवा तिनं बघितलं. पिशवीतला भंडारा काढला, त्याच्या कपाळाला लावला, आपल्या लावला. तुझं-माझं काय नाय म्हणले. ना फिर्याद, ना भरपाई."

खंडोबाचा भंडारा हातावर घेऊन दिलेला शब्द या घरात कोणी मोडलेला नव्हता. कोर्टाचा कागद एक वेळ फिरेल, भंडारा फिरत नाही. मुंजाबांनी पोलीस ॲक्शनच्या साली, पोरवयात हातात काठी घेतली तेव्हापासून रानातली सगळी भांडणं अशीच मिटवली होती. पिकात मेंढरं शिरली, कुत्र्यानं कोकरू धरलं, पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटली, सगळ्यावर एकच औषध. म्हातारा आता अंगणातल्या बाजेवर बसून, हे सगळं दुसऱ्याच कोणाच्या घरातलं असावं तसा, तंबाखू मळत होता.

"आबा," मल्हाररावांनी आवाज शक्य तितका खाली ठेवला, "तुमी काय केलंय, ठाव हाय का?"

"माफ केलंय."

"कोणाच्या वतीनं?"

"माझ्या. मेंढरं माझी व्हती."

"तिथंच तर घोळ हाय! इमा काढला तवा ती निस्ती तुमची ऱ्हायली नाय. ऐका, नीट ऐका. कंपनी आपलं नुकसान भरून देती. मंग ती आपल्या जागेवर उभी ऱ्हाती आन् ज्याच्या चुकीनं नुकसान झालं त्याच्याकडून वसूल करती. तुमी त्या डायवराला आधीच मोकळं सोडलं. आता कंपनीनं उभं कुठं ऱ्हायचं? तुमी तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. ती म्हणणार, तुमी माफ केलं ना, मंग तुमीच सोसा."

"मंग असं करू," सांडूला एकदम सुचलं. "ट्रकवाल्याकडून बी घेऊ आन् कंपनीकडून बी. भंडारा आबानं उचलला, मी कुठं उचलला?"

मल्हाररावांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, ते नुकसान भरून देत्यात, लॉटरी नाय काढत! गेलं तेवढंच मिळतं, एकदाच मिळतं. दोन्हीकडून घेतलं तर मेंढरं मरण्यात फायदा व्हईल की. मंग लोक रोज मारतील!"

"तुला सगळं ठाव असतं. शहरात बसून मेंढरं सांभाळतो तू. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? उन्हात आमी मरतो."

चतुराबाई दाराआड उभी होती. ती थोरल्या दिरांशी थेट बोलत नसे. जे सांगायचं ते नणंदेच्या नावानं, पण अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगे.

"आक्का, सांगा तुमच्या भावाला," ती आत चुलीपाशी बसलेल्या वच्छलाबाईला म्हणाली. "पैसा आला तर मेंढरं येतील. नाय आला तर ह्यांनी ईटभट्टी बघून ठेवलीय. म्या तिथं जायची नाय. गरोदर बाईनं भट्टीवर पोर जन्माला घालायचं का? म्या सरळ बापाकडं जाईन, मंग आणा म्हणावं दुसरी."

सांडूनं मान खाली घातली. एवढं मात्र खरं होतं. उरलेल्या मेंढरांवर एका माणसाचं पोट चाललं असतं, तिघांचं नाही, आणि चौथा वाटेवर होता.

मल्हारराव बाजेजवळ गेले.

"आबा, साहेब आला की एवढंच म्हणायचं. अंधार पडला व्हता. ट्रक आला, मेंढरं चिरडली, निघून गेला. नंबर दिसला नाय. बस. मंग माफीचा प्रश्नच येत नाय."

"ट्रक थांबला व्हता," मुंजाबा म्हणाले.

"मला ठाव हाय थांबला व्हता!"

"मंग?"

"मंग आपण म्हणायचं, नाय थांबला!"

"पॉलिशीवर अंगठा घेताना तूच म्हणला व्हता मला. आबा, हा इमानाचा सौदा हाय. कंपनीला मेंढरू दिसत नाय, ती आपल्या शब्दावर चालती. इचारलं त्येबी सांगायचं, नाय इचारलं त्येबी सांगायचं. म्हणला व्हता का नाय? तवा मला तुझा लई अभिमान वाटला व्हता, मल्हार."

आतून वच्छलाबाईच्या हसण्याचा आवाज आला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली आणि पुढचं मुद्दाम बोलली नाही.

मल्हाररावांचा इतका संताप झाला, की ते सर्व्हेअरला आणायला म्हणून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी नुसतेच उभे राहिले.

*

वच्छलाबाई लासूरला दिलेली. अपघाताच्या रात्री सगळ्यांत आधी तीच पोचली होती आणि तशीच सगळ्यांसोबत इथवर आली होती. नवरा गेल्यावर तिनं चार मेंढ्या बापाच्या कळपात अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर, सोडल्या होत्या, आणि त्यातली एकही वाचली नव्हती. म्हणून हसून झाल्यावर तिलाच वाटलं, हसायला आपलं काय जातंय?

"तुमचं बरंय, आक्का," चतुराबाई चहात साखर टाकत म्हणाली. "तुमच्या मेंढ्यांचा बी बिल्ला मामंजीच्याच नावावर. पैसा आला तर वाटा मागाल, नाय आला तर बापाच्या खऱ्यापणाचं कौतुक कराल."

"वाटा मागायला मी काय परकी हाय?"

"मंग सांगा ना त्यास्नी! तुमचं ऐकतील. लेकीचं ऐकतात."

वच्छलाबाईलाही ते पटलं. खोटं तर खोटं, चार शब्दांचं. पोटुशी पोर भट्टीवर पाठवण्यापेक्षा खंडोबा ते खोटं पोटात घालील. ती कपबशी घेऊन बाहेर गेली, बाजेच्या कडेवर बापासमोर ठेवली.

"आबा, च्या घ्या."

मुंजाबांनी हात पुढे केला. हात कपाच्या बाजूनं पुढे गेला, रिकाम्या बाजेवर टेकला, तिथून हळूच मागे सरकला. बशीला बोटं लागली तेव्हा तो थांबला. हे सगळं त्यांनी इतक्या सावकाश केलं, की कोणालाही वाटावं म्हातारा कसल्या तरी विचारात आहे.

वच्छलाबाईनं बशी उचलून दुसऱ्या अंगाला ठेवली. आवाज न करता. हात पुन्हा जुन्याच जागी गेला.

दिवाळीला बापानं तिच्या नव्या लुगड्याचं नावही काढलं नव्हतं, ती मनात रुसली होती. गेल्या खेपेला दारात उभी राहिली तर ती बोलेपर्यंत त्यांनी ओळख दिली नव्हती. हे सगळं आपण बघत होतो, आणि आपल्याला काहीच कळलं नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"आबा," ती अगदी जवळ बसली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दिसत नाय तुमाला."

मुंजाबांनी तिचं मनगट बरोबर धरलं. "हळू बोल."

"कधीपासून?"

"वैजापूरला डोळ्याचं शिबिर झालं त्याच्या बी आधीपासून. मोतीबिंदू असंल म्हणून गेलो. काचबिंदू म्हणले. गेलं ते येत नाय म्हणले. दिवसा धुकं असतं, तेवढ्यात चालतं माझं. दिवेलागण झाली की काय बी नाय. तवा सांडू म्होरं असतो, त्याच्या हाळीवर मी जातो. त्या दिवशी तो नव्हता."

"म्हंजे तुमीच मेंढरं रस्त्यावर..."

"त्या पोरानं भोंगा वाजवला, दिवे मारले. भोंगा ऐकला मी. पण कुठल्या अंगानं येतो ते उमगलं नाय. म्हणलं घाईनं पार करावी, आन् हाकली ती नेमकी त्याच्या म्होरंच हाकली. पायावर पडला तवा त्यानं माझे डोळे वळखले. म्हणला, बाबा, कोणाला सांगू नका. लोक मेंढरं काढून घेतील तुमच्याकडून. माझ्या बापाचे डोळे गेले तवा आमी त्याचा बैलगाडा काढून घेतला. तो ओट्यावर बसूनच गेला. म्हणून भंडारा उचलला आमी. मी त्याचं नाव घ्यायचं नाय, त्यानं माझं."

वच्छलाबाईला रडू आलं. मुंजाबांनी मनगट आणखी दाबलं.

"बोलशील तर माझं मेल्यालं तोंड बघशील, वच्छे."

त्यामुळे मल्हारराव सर्व्हेअरला घेऊन आले तेव्हा घरातली हवा पार फिरलेली होती. जी वच्छलाबाई बापाला समजावणार होती, ती दारातच भावाला आडवी झाली.

"दादा, तू तो इमा सोडून दे. नको आपल्याला पैसा. माझ्या मेंढ्या बी गेल्या तर गेल्या."

"आता तुला काय झालं?" मल्हारराव दात-ओठ खात कुजबुजले. "सकाळधरनं एकानं नीट वागायचं ठरवलंय का ह्या घरात?"

*

मुंजाबांना साहेब आला ते बुटांवरून कळलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कागदांचा. साहेबाचा आवाज मऊ होता. मऊ आवाजाच्या सरकारी माणसांची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते अधिकच सावध झाले.

"मी कुलथे. बसा बाबा, उठू नका. काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"मी सांगतो, साहेब," सांडू घाईनं पुढे झाला. "अंधार व्हता. ट्रक आला, मेंढरं चिरडली आन् भरधाव निघून गेला. नंबर दिसला नाय."

मल्हाररावांचा श्वास मुंजाबांना ऐकू आला. पोरगा खोटं बोलतो तेव्हा त्याचा श्वास लहानपणापासून असाच अडकत आला होता, आणि आता तर बोलला दुसराच होता.

कुलथे साहेबांनी कागद उलटला. "असं कसं? ड्रायव्हर त्याच रात्री चौकीत गेला होता. स्वतःहून. त्यानं जबाब दिलाय. गाडी जोरात होती, माझं लक्ष नव्हतं, सगळी चूक माझी."

"असं म्हणला?" मुंजाबांनी विचारलं.

"लिहून दिलंय. त्यामुळं आमचं काम सोपं आहे. तुमची भरपाई झाली की कंपनी ट्रकमालकावर दावा लावेल. ड्रायव्हरचं लायसन्स जाईल, बहुतेक नोकरीही जाईल. पण त्याच जबाबात तो म्हणतो की, बाबांनी मला देवासमोर माफ केलंय. हे खरं असेल तर अडचण आहे. आणि तुमचा हा मुलगा म्हणतो, ट्रक थांबलाच नाही. मी यातलं काय धरू?"

"माफी बिफी काय नाय, साहेब," मल्हारराव आता थेट बोलले, आणि त्यांचा श्वास पुन्हा अडकला. "म्हातारा माणूस. रडणाऱ्या पोराच्या कपाळाला हळद लावली, एवढंच. आमची फिर्याद हाय त्या डायवरावर. आजच देतो. सांडू, चल चौकीत."

"चल," सांडू म्हणाला. चतुराबाईनं दाराआडून चपला पुढे सारल्या.

वच्छलाबाईचा हुंदका तेवढा ऐकू आला.

मुंजाबांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पोरानं आपला शब्द नुसता पाळला नव्हता. आपलं आंधळेपण झाकायला त्यानं स्वतःची भाकर पुढे केली होती, आणि इथं आपले दोन लेक ती हिसकायला चपला घालत होते. आपण डोळे लपवले ते कशासाठी? तर काठी हातात राहावी म्हणून. त्या काठीची किंमत वैजापुरातलं एक घर भरणार होतं. त्यांना स्वतःची शरम वाटली. इतकी, की राग आला.

"बसा खाली, दोघं बी!" ते ओरडले. या आवाजाला शंभर मेंढरं थांबत. लेकही थांबले. "साहेब, लिवा. माफ केलं ते खरं हाय. चूक त्याची नाय. भोंगा दिला त्यानं, दिवे मारले, बिरेक दाबला. मेंढरं त्याच्या म्होरं मी हाकली. मला दिसत नाय."

"आबा, काय पण बोलू नका!" मल्हारराव खेकसले.

"दिसत नाय मला, मल्हार. साहेबाला दाढी हाय का नाय ते बी मला ठाव नाय. वच्छीला इचार."

कोणीही वच्छलाबाईला विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे बघूनच सगळ्यांना कळलं. सांडू म्हणाला, "मी म्होरं चालायचो तवा सारखं हाळी दे, हाळी दे म्हणायचे..."

मल्हारराव मात्र पुरते खचले. झालं. आता मालकाचीच हयगय म्हणून प्रकरण बंद. बापानं एका दमात माफीही कबूल केली आणि चूकही.

कुलथे साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मल्हारराव, तुम्ही एजंट आहात, तुम्हाला तरी कळायला हवं होतं. ड्रायव्हरची चूकच नसेल, तर त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीला मिळतच नाही. मग बाबांनी माफ केलं म्हणून कंपनीचं काय बुडालं? जे नव्हतंच ते सोडलं त्यांनी."

"पण हयगय, साहेब? कलमात हाय ना."

"जाणूनबुजून केलेली. एका संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाचा अंदाज चुकला, ती हयगय नाही, तो अपघात. माणसाच्या हातून चूकच होणार नसती, तर विमा कोण काढील? निर्णय वरच्या ऑफिसचा, पण माझा अहवाल तुमच्या बाजूनं जाईल. मात्र एक मला लिहावं लागेल. नव्या पॉलिसीत कळप राखणारा माणूस दुसरा हवा. आता कंपनीला माहीत झालंय. तुम्हालाही माहीत झालंय. यापुढे बाबांच्या हाती मेंढरं दिली आणि काही झालं, तर ती हयगयच."

"व्हय," मुंजाबा म्हणाले. "बरोबर हाय. त्या पोराचा जबाब फिरवा तेवढा."

"बोलावून घेतो त्याला."

साहेब गेले. आता खरं तर सगळ्यांनी आनंद करायचा. भट्टी टळली, चतुराबाई माहेरी जाणार नव्हती, मेंढ्या येणार होत्या. पण या घराला धड रडताही येत नाही, की धड हसताही. मल्हाररावांनाच सगळ्यांत जास्त राग आला होता, आणि कोणावर काढायचा ते सापडत नव्हतं.

"सांगायचं ना, आबा! एवढी वर्षं एका शब्दानं सांगायचं ना! डाक्टरला दाखवलं असतं, औरंगाबादला नेलं असतं..."

"दाखवलं, दादा," वच्छलाबाई म्हणाली. "एकटेच गेले व्हते."

सगळ्यांचा विमा काढला आपण, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकदा नीट बघितलं नाही, असं काहीतरी मल्हाररावांच्या मनात आलं, आणि ते उगाचच शेजाऱ्याच्या कुंपणाची तार सरळ करू लागले.

ऊन चढलं. प्लॉटातली मेंढरं भुकेनं कलकलायला लागली. रोजच्या सवयीनं मुंजाबा उठले, चाचपून काठी घेतली. सांडू पुढे आला. त्यानं हात पुढे केला आणि तसाच ठेवला. मुंजाबांना तो हात दिसला नाही. बाजूला पाऊल वाजलं, त्यावरून समजलं. त्यांनी काठी त्या आवाजाकडे धरली. सांडूनं ती घेतली.

सांडू प्लॉटात शिरला, हाळी दिली. मेंढरं हलली नाहीत. त्यानं पुन्हा दिली, म्होरक्या मेंढीला ढोसलं. ती फिरून अंगणाच्या बाजूला तोंड करून उभी राहिली, आणि तिच्यामागं सगळी तशीच.

"अरे, चला की!" सांडू रडकुंडीला आला. "दादा, बघतो काय, हाण त्यास्नी त्या अंगानं!"

मल्हारराव धोतराचा सोगा सावरत धावले. मेंढरं त्यांना वळसा घालून परत तिथंच. चतुराबाईही पदर खोचून आली. तिघं मिळून पाचपन्नास मेंढरांना हाकत होते आणि ती त्यांच्यामधून निसटून पुन्हा पुन्हा बाजेकडेच तोंड करत होती.

मुंजाबा बाजेवर बसले होते. त्यांनी बराच वेळ ती तारांबळ ऐकली. मग दोन बोटं ओठांशी नेली आणि लांबलचक शीळ घातली, मेंढरांना पुढे सोडायची. म्होरकी मेंढी वळली. बाकीची वळली. प्लॉटाच्या फाटकातून धूळ उडवत ती सांडूच्या मागं रस्त्याला लागली.

म्हातारा कान देऊन ऐकत राहिला. खुरांचा आवाज कोपऱ्यावर गेला, मग रिक्षांच्या आवाजात मिसळला.

"वच्छे, गेली का सगळी?"

वच्छलाबाईनं फाटकापर्यंत जाऊन पाहिलं.

"गेली, आबा."